गौरीची गुटी

बनशंकरी, बंगळूर
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

नागराज,

गौरीच्या लघवीत मेथिलफेनिडेट सापडलं आहे. शाळेजवळच्या इस्पितळातल्या डॉ. प्रियदर्शनी यांनी आज सकाळी स्वतः फोन करून सांगितलं. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं, म्हणून दुसरा नमुना पाठवला होता. दोन्हींचं उत्तर एकच आहे."

तेच औषध. गेल्या वर्षी एडीएचडीसाठी लिहून दिलेलं, ज्याची चिठ्ठी तू जेवणाच्या टेबलावर फाडलीस. "माझ्या पोरीला नशेच्या गोळ्या मिळणार नाहीत," असं म्हणालास आणि पुढच्या महिन्यात पीण्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून मस्कत गाठलंस.

मी ते तिला दिलेलं नाही. हे वाक्य तू पुन्हा एकदा वाच.

काय घडलं ते ईमेलने सांगते, कारण तू फोन उचलत नाहीस. शुक्रवारी शाळेत पंधरा ऑगस्टच्या संचलनाचा सराव होता. गौरी रांगेतून बाहेर आली आणि मैदानावरच बसली. बाईंना म्हणाली, "मिस, माझ्या छातीत कुणीतरी दोरीवरच्या उड्या मारतंय." त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी तिचा हात धरला आणि तशाच तिला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेल्या. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून पोचले तेव्हा तिच्या छातीला तारा लावल्या होत्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि ती न थांबता बोलत होती. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? मी सांगितलं, छे, फक्त वनस्पती. सकाळी गुटी आणि जेवणात ओंदेलगाची, म्हणजे ब्राह्मीच्या पानांची, ताकातली तंबळी. वर मोठ्या अभिमानाने हेही सांगितलं की याच गुटीने माझी मुलगी सुधारली.

डॉक्टर म्हणाल्या, "ब्राह्मीने हृदय असं धावत नाही."

एक दिवस ठेवून घेतलं. आता ती बरी आहे. घरी आहे, सोफ्यावरून उड्या मारते आहे.

जानेवारीत मी तुला लिहिलं होतं की तू आणि आत्याबाई बरोबर होता आणि मी चूक होते. ते पत्र तू जपून ठेवलं असशील. गौरी गणिताला एका जागी बसते, मधल्या सुट्टीत कुणाला ढकलत नाही, वहीत शेवटच्या ओळीपर्यंत लिहिते, असं सगळं मी त्यात लिहिलं होतं. सगळं खरं होतं. फक्त कशामुळे, ते आता मला माहीत नाही.

माझा संशय निपाणीच्या आप्पाजी वैद्यांच्या पुडीवर आहे. देशी औषधात इंग्रजी गोळ्या कुटून घालणारे लोक असतात, हे तूही ऐकलं असशील. दर दोन महिन्यांनी तुझा भाऊ ती पुडी एसटीने पाठवतो. उरलेली पुडी, मधाची बाटली, वेखंडाची मुळी, सगळं मी डॉक्टरांकडे नेऊन दिलं. गुटी बंद केली आहे.

आत्याबाईंना, तुझ्या आईला, सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. उठून देवासमोर जाऊन बसल्या. मला वाटतं, आप्पाजींवरचा विश्वास उडाल्याचा धक्का असेल.

फोन उचल.

अश्लेषा


शुक्रवार, १५ ऑगस्ट

नागराज,

तुझं उत्तर मिळालं. "तूच दिलीस. चोवीसला येतो आणि तिला निपाणीला घेऊन जातो." एवढंच. तीन आठवड्यांची रजा, तिकीट काढलं, भावाला सांगितलं, तिथल्या शाळेत विचारलं, हे तुझ्या वहिनीकडून कळलं. मला नाही विचारलंस.

तर ऐक. आप्पाजींच्या पुडीत काही नाही. प्रयोगशाळेचा निकाल डॉ. प्रियदर्शनींनी काल मला समोर बसवून वाचून दाखवला. ब्राह्मी, शंखपुष्पी, ज्येष्ठमध, थोडी जटामांसी. मध शुद्ध आहे, वेखंड वेखंडच आहे. मी आप्पाजींना फोन करून माफी मागितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, पुडीत काय घालतो ते मी बायकोलाबी सांगत न्हाई, खरं गोळी घालत न्हाई. गोळी घालून एवढ्या स्वस्तात पुडी परवडंल व्हय?" वर विचारलं, "पोरगी कशी हाय?" नंतर स्वतःच म्हणाले, "नुसत्या पुडीनं इतका फरक पडला म्हणता तवाच मला नवल वाटलेलं. तुमच्या सासूबाईस्नी, भागुबाईस्नी, मी बोललो बी होतो."

म्हणजे वैद्यालाच नवल वाटलं होतं, आणि मला वाटलं नाही.

डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. ब्राह्मीवर अभ्यास झालेत, चालू आहेत. काही मुलांना थोडा उपयोग होतो असं दिसतं, पण त्याला आठवडे लागतात, महिने लागतात. गोळीला अर्धा तास लागतो. मग त्यांनी विचारलं, "गुटी घेतल्यावर किती वेळाने ती शांत व्हायची?"

नागराज, सकाळी आत्याबाई सहाणेवर गुटी उगाळायच्या. एका मुळीचे दोन वळसे, दुसरीचे तीन, वर मधाचं बोट. गौरी चाटायची, आंघोळीला जायची, आणि वेणी घालायला माझ्यासमोर बसेपर्यंत दुसरीच मुलगी झालेली असायची. मान स्थिर. मी तेल लावता लावता आत्याबाईंना म्हणायचे, "तुमच्या हाताला गुण आहे." त्या म्हणायच्या, "हाताला कसला गुण, दगडाला हाय." मी हसायचे. कित्येक महिने मी ते डोळ्यांनी बघत होते आणि कौतुक करत होते.

ऑफिसातल्या दोघीजणींना मी आप्पाजींचा पत्ता दिला होता. दोघींचीही मुलं लहान आहेत. एकीने विचारलं होतं, आमच्याकडे का फरक पडत नाही? मी सांगितलं, धीर धरा. आज दोघींना फोन करून सांगितलं की थांबा, डॉक्टरांना विचारा. एक रडली. दुसरीने फोन ठेवून दिला.

तिला कोण देतं, मला माहीत नाही. घरात आम्ही तिघीच. शाळेत बाईंना विचारलं, त्यांनी तर मलाच उलट विचारलं. रिक्षावाले नागेंद्रण्णा तिला कधी चॉकलेट देतात, त्यांच्यावरही संशय घेतला. ते म्हणाले, "अक्का, मलाच साखरेचा आजार आहे, मी कुठून औषध देणार?" मला लाज वाटली.

गुटी बंद झाल्यापासून गौरी पहिल्यासारखी आहे. काल दप्तर फ्रिजमध्ये सापडलं. आज झेंडावंदनाला तिला उभं केलं नाही, कोपऱ्यात बसवलं. तिने घरी येऊन विचारलं, "मी परत वाईट झाले का?"

तू तिला निपाणीला नेशील. तिथे ती कुणाकडे बसेल? तुझा भाऊ दिवसभर तंबाखूच्या वखारीत असतो. आणि ज्याने दिलं तो सापडला नाही तर ते तिथेही येईल. मी हे भांडण म्हणून लिहीत नाही. मुलगी माझ्याकडून जाणार, हे तू तिकिटाच्या तारखेसारखं सांगितलंस, एवढंच.

अश्लेषा


गुरुवार, २१ ऑगस्ट

नागराज,

मला कळलं.

कोणी, ते या पत्रात लिहीत नाही. मी दुपारपासून लिहायला बसते आहे आणि उठते आहे. त्या व्यक्तीने मला थांबायला सांगितलं आहे. मी थांबेन असा शब्द दिला नाही, पण आज हात चालत नाही.

तिकीट रद्द करू नकोस. ये. आधी मला वाटत होतं तू येऊ नयेस. आता वाटतं, तू यायलाच हवं.

गौरीच्या हृदयाचा आलेख आज पुन्हा काढला. चांगला आहे. एवढं नक्की आहे, आणि ते आज एका नाही, दोन डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या कोणत्या डॉक्टरांनी, असं तू विचारशील. परवा सांगते.

अश्लेषा


शनिवार, २३ ऑगस्ट

नागराज,

हे पत्र तुझी आई शेजारी बसून लिहून घेते आहे. म्हणजे शब्द माझे आहेत, पण "लिही" त्या म्हणाल्या. तू विमानात बसायच्या आधी वाचावंस अशी त्यांची इच्छा आहे. "येताना रागाला वेळ मिळंल त्याला," असं म्हणाल्या.

गुरुवारी पुष्य नक्षत्र होतं. तुला माहीत आहे, दर महिन्याच्या पुष्याला आत्याबाई गौरीला सुवर्णप्राशनाचे थेंब द्यायला मठात नेतात. तू मस्कतला गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी हे सुरू झालं. मी नोकरीवर असते, म्हणून त्याच जायच्या. या वेळी त्या म्हणाल्या, गुडघा दुखतो, राहू दे. मी म्हटलं, खंड नको, मी रजा घेते. त्या नको नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही. गौरीच्या पोटात काहीतरी चांगलं जाऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं.

बसस्टँडवर मी मठाच्या फलाटाकडे वळले. गौरीने माझा हात ओढला. "आई, इकडून नाही. आपली बस पलीकडून."

"मठाची इथूनच सुटते, राणी."

"पण आपण मठात कुठे…" आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. काहीच विचारलं नाही. भीती वाटत होती की विचारलं तर ती सांगेल. शेवटी म्हटलं, "चल, तुला माहीत आहे तिथे मला ने." ती पुढे, मी मागे. बस कुठली, उतरायचं कुठे, कुठल्या दारातून, सगळं तिला पाठ. रस्ता ओलांडताना थांबून दोन्हीकडे बघत होती. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या मुलांच्या विभागात पोचलो. दारातली नर्स हसून म्हणाली, "गौरी! अज्जी एल्ली?" आज आजी कुठे?

मी तिथल्या बाकावर बसले.

तिथल्या डॉक्टर शिवलीला. त्यांना वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. नातीला घेऊन नियमाने येणारी आजी, सांगितलेलं सगळं लक्षात ठेवणारी. आजीने सांगितलं होतं, बाप परदेशात, आई कामावर, पोरीला मीच बघते. यातलं एकही वाक्य खोटं नाही. शाळेत काय फरक पडतो हे आजी व्यवस्थित सांगायची. ते सगळं मीच घरी बोललेलं असायचं.

पहिल्यांदा साधी गोळी होती, चार तासांची. दुपारनंतर गौरीचा धीर सुटतो असं आजीने सांगितलं, म्हणून जुलैत डॉक्टरांनी दुसरी दिली. मोठी, दिवसभर हळूहळू सुटणारी. अख्खी गिळायची, चावायची नाही, फोडायची नाही, असं दोनदा बजावलं. आजीने मान हलवली.

मी विचारलं, "उगाळली तर?"

डॉक्टर शिवलीला खुर्चीतून उठल्याच. "कल्लिन मेले? दगडावर?"

हो, दगडावर. तुझ्या आईने ती गोळी सहाणेवर उगाळली. आधीची उगाळत होत्या तशीच. वेखंडाचे दोन वळसे, ज्येष्ठमधाचे तीन, आणि गोळी संपेपर्यंत. वर मध. दिवसभर थेंबाथेंबाने सुटायचं औषध एका बोटावर, एका घोटात गेलं. नवी गोळी काही दिवस तशीच गेली, आणि त्या शुक्रवारी उन्हात संचलनाचा सराव होता.

घरी आल्यावर मी चप्पलही काढली नाही. सहाण स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर होती. मी ती त्यांच्यासमोर ठेवली.

त्या म्हणाल्या, "गेलीस व्हय तिथं?"

"आत्याबाई, का?"

"बस. चप्पल काढ आणि बस."

नागराज, जाताना तू त्यांचा हात गौरीच्या डोक्यावर ठेवून त्यांच्याकडून शपथ घेतली होतीस. मला हे माहीतच नव्हतं. पोरीला इंग्रजी गोळी देणार नाही आणि अश्लेषाला देऊ देणार नाही, अशी. त्यांनी शपथ वाहिली. आणि गुटी उगाळली. आधी दोन महिने खरीच गुटी, आप्पाजींची पुडी, सगळं प्रामाणिकपणे. काही झालं नाही. मग एक दिवस रिंग रोडवर गौरी हात सोडवून एका कुत्र्याच्या पिल्लामागे धावली. बस तिच्यापासून एका हातावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरून आत्याबाईंनाच ओरडला. घरी येऊन त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही.

त्या मला म्हणाल्या, आणि हे त्यांच्याच शब्दांत लिहिते, "माझी गुटी चालली न्हाई गं. निपाणीत आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्याच सहाणेवर वाढली, आणि माझ्या नातीला ती चालली न्हाई. हे मी कुणाला सांगू? तू हरलीस म्हणून गप, त्यो जिंकला म्हणून गप. तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. त्याला कळलं असतं तर त्यो पोरीला घेऊन गेला असता. मग मी म्हटलं, स्वल्प गप बसून करावं."

मी विचारलं, "आणि शपथ?"

"गोळी कुठं दिली? उगाळली की." मग स्वतःच मान हलवली. "डाव हाय त्यो. मला ठाव हाय. देवालाबी ठाव हाय. म्हणून तर पोरीला भोगायला लागलं."

मी म्हटलं, देवाचा काही संबंध नाही, ती गोळी उगाळायची नव्हती, एवढंच. त्या म्हणाल्या, "तेच म्हणतोय मी."

मी रागावले आहे. हे तुला लिहिताना लपवत नाही. माझ्या मुलीला रोज औषध दिलं गेलं आणि मला माहीत नव्हतं. ती मैदानावर आणखी थोडा वेळ पळाली असती तर काय झालं असतं, हा विचार येतो आणि मी जिथे असते तिथे थांबते. त्यांनी मला आई म्हणून बाजूला ठेवलं. तूही ठेवलंस. तुम्ही मायलेक सारखेच आहात, आणि हे मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लिही की. खरं हाय."

पण सगळ्यात मोठा धक्का मला त्यांनी नाही दिला, गौरीने दिला. ज्या मुलीच्या पोटात वाढदिवसाचं गुपित दुपारपर्यंत राहत नाही, जी वर्गात उत्तर बोट वर करायच्या आधी ओरडते, तिने हे इतके महिने पोटात ठेवलं. मी तिला विचारलं, कसं जमलं गं तुला? ती म्हणाली, "अज्जी म्हणाली होती, सांगितलं तर अप्पा मला घेऊन जातील. मग मी तोंड दाबायचे." रोज दाबायची, नागराज. आपण ठरवून टाकलं होतं की तिला मन आवरता येत नाही.

आणखी एक गोष्ट. आत्याबाई म्हणाल्या हीसुद्धा लिही. "नागूबी असाच होता. शाळेतून पळायचा. मास्तर त्याला लिंबाच्या झाडाला बांधून ठेवायचे. मी गुटी द्यायची आणि रडायची. तवा हे डॉक्टर असते तर मी नागूलाबी नेलं असतं." तू हे मला कधी सांगितलं नाहीस. गेल्या वर्षी डॉक्टर गौरीबद्दल बोलत होत्या तेव्हा तू खिडकीबाहेर का बघत होतास, ते मला आता कळलं.

पुढचं असं.

औषध सध्या बंद आहे. डॉ. शिवलीला आणि डॉ. प्रियदर्शनी एकमेकींशी बोलल्या आहेत. पुन्हा सुरू करायचं झालं तर छोट्या मात्रेपासून, अख्खी गोळी, आणि आई-बाप दोघं समोर बसून हो म्हणाले तरच, असं शिवलीलाबाईंनी स्पष्ट सांगितलं. सोमवारी सकाळची वेळ दिली आहे. आत्याबाईंनाही बोलावलं आहे. त्यांना रागवायला नाही, असं डॉक्टर म्हणाल्या, पण थोडं रागवणार आहेत असं मला वाटतं. ओंदेलगाची तंबळी खायला हरकत नाही, ती जेवण आहे. सहाण आत्याबाईंनी धुऊन चंदनासाठी देवघरात ठेवली.

उद्या सकाळी तुझं विमान उतरेल. विमानतळाच्या बसने मी आणि आत्याबाई येणार आहोत. मी त्यांना म्हटलं, गुडघा दुखतो ना, घरी थांबा. तर म्हणतात, "गुडघा गुरुवारपातूर दुखत हुता. आता बरा हाय, सरी झाला." बाहेरच्या दारात उभ्या राहून आधी त्या बोलणार आहेत, मग मी. तू निपाणीचं तिकीट काढलं असशील तर ते खिशातच ठेव. आधी सोमवार होऊ दे. मंगळवारी गौरीहब्बा, गौरीचा सण आहे, बुधवारी गणपती. गौरीला त्या दिवशी इथेच राहायचं आहे, तिने तसं सांगितलं आहे.

आणि तिचा सराव चालू आहे. कालपासून ती डाळिंबाचे दाणे न चावता पाण्याबरोबर गिळते. पहिला दाणा नाकातून बाहेर आला. तिसऱ्याला ती जिंकली. आता वाटीभर दाणे घेऊन आत्याबाईंसमोर बसली आहे आणि म्हणते आहे, "बघ अज्जी, दगड नको. गेला! बघ, गेला!"

सोमवारी ती हे तुला करून दाखवणार आहे. डॉक्टरांच्या टेबलासमोर, तू आणि मी दोन्ही बाजूंना. तिने मला विचारलं, अप्पा बघतील ना?

मी हो म्हणाले आहे.

अश्लेषा